सेवेचं बुकिंग करण्यापूर्वी

परीक्षेनंतरची सुट्टी, नोकरीतली लांब रजा किंवा निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ परदेशातल्या गरीब वस्तीत सत्कारणी लावावा, असं हल्ली मराठी घरांतही अनेकांना वाटतं. अमेरिका-इंग्लंडात स्थायिक झालेली काही कुटुंबं तर कॉलेज-प्रवेशाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणूनही मुलांना अशा दौऱ्यांवर धाडतात. इंटरनेटवर शोधलं की पर्यायांची रांग लागते. नेपाळमध्ये अनाथ मुलांना इंग्रजी शिकवा, कंबोडियात शाळेच्या भिंती रंगवा, केनियात बांधकामाला हात लावा आणि शनिवार-रविवारी ट्रेकिंग किंवा सफारी करा. तारखा निवडायच्या, कार्डाने पैसे भरायचे, काम झालं. असा फॉर्म भरायच्या बेतात असलेल्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या कामात पैसे भरले की कुणालाही जागा मिळते, त्या कामात तुम्ही स्वयंसेवक नसता, गिऱ्हाईक असता. गिऱ्हाईक असण्यात गैर काही नाही. पण गिऱ्हाइकाच्या पैशावर बाजार उभा राहतो आणि इथे मांडलेला माल म्हणजे दुसऱ्याचं दारिद्र्य असतं. तेव्हा मी काय देऊ शकतो याचा विचार करण्याआधी, माझ्या पैशामुळे तिथे कशाची मागणी वाढणार आहे, ते पाहून घ्यायला हवं.

मागणी वाढली की काय होतं, ते पाहायला नेपाळ पुरेसा आहे. १९९६ ते २००६ या काळात तिथे माओवादी संघर्ष पेटला होता. हुमला, जुमला यांसारख्या पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरू लागले. तुमच्या मुलाला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो, जेवणाराहण्याची सोय करतो, असं सांगून त्यांनी आईवडिलांकडून पैसे घेतले, काहींनी त्यासाठी जमिनी विकल्या. राजधानीत पोहोचल्यावर मुलांचे खोटे कागद तयार झाले आणि ती कागदोपत्री अनाथ ठरली. २००४ साली काठमांडूजवळच्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेलेल्या कॉनर ग्रेनन या अमेरिकन तरुणाला पुढे कळलं की, तिथली मुलं अनाथ नाहीतच. ग्रेनन यांनी ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली, हुमला गाठलं आणि मुलांच्या आईवडिलांचा शोध घेतला. याच संस्थेने पुढे नकाशा तपासला, तेव्हा त्या काळच्या ७५ जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत देशातली सुमारे ९० टक्के बालगृहं एकवटलेली दिसली. पोखरा कास्कीत येतं, चितवनला गेंडे पाहायला लोक जातात. मुलं अनाथ होण्याचं प्रमाण पर्यटकांच्या वाटेवरच एवढं जास्त का असावं, याला प्रामाणिक उत्तर एकच आहे. बालगृहं मुलं होती तिथे निघाली नाहीत, पाहुणे होते तिथे निघाली. सगळीच तशी होती असं नाही. पण पाहुण्याला ओळखता येणार नाही अशा बेताने चांगली आणि वाईट एकाच गल्लीत नांदत होती, आणि मुलं जितकी केविलवाणी दिसतील तितकी देणगी अधिक, हे गणित वाईटांना चांगलं कळलं होतं.

कंबोडियात तर याचे आकडेच आहेत. युनिसेफच्या नोंदीनुसार २००५ साली तिथे १५४ अनाथालयं होती, २०१० मध्ये ती २६९ झाली. या काळात देशात ना युद्ध होतं ना मोठी साथ. वाढत होती ती अंगकोरवाटची मंदिरं पाहायला येणाऱ्यांची संख्या. या अनाथालयांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात होते. घरचे लोक गरीब होते आणि मुलाला तिथे शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल, अशी त्यांची समजूत करून दिलेली होती. स्वयंसेवक दोन आठवडे राहतो, मुलं गळ्यात पडतात, निघताना रडतात. यालाच लळा समजण्याची चूक होते. ओळखदेख नसलेल्या माणसाला पाहताक्षणी मिठी मारणारं मूल आपल्या शेजारच्या घरात दिसलं, तर आपण काळजीत पडू. दक्षिण आफ्रिकेतल्या एड्सग्रस्त भागांत असल्या भेटींचा अभ्यास करून लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये हेच दाखवून दिलं. मायेला आधीच पारखं झालेलं मूल दर पंधरवड्याला नव्या माणसाशी जोडलं जातं आणि दर पंधरवड्याला तुटतं, आणि या तुटण्याची किंमत ते मूल मोजतं. रुमेनियातल्या १३६ मुलांवर झालेल्या प्रसिद्ध बुखारेस्ट अभ्यासातून तर असं दिसलं की, संस्थेतून कुटुंबात गेलेली मुलं बुद्धी, वाढ आणि भावनिक स्थैर्य अशा बहुतेक बाबतींत संस्थेतच राहिलेल्यांच्या पुढे गेली. म्हणून या लेखातला पहिला सल्ला बिनशर्त आहे. अनाथालयात अल्पकाळाचा स्वयंसेवक म्हणून जाऊ नका. ते चांगलं असलं तरी नको, ओळखीच्याने सुचवलं असलं तरी नको, वाढदिवसाचा केक घेऊन तासाभरासाठीही नको.

लगेच आक्षेप येईल की, सगळ्यांनीच पाठ फिरवली तर आज तिथे असलेल्या मुलांनी खायचं काय? आक्षेप खरा आहे आणि त्याला झटकून टाकता येणार नाही. पण पैसा थांबवणं आणि पैशाची वाट बदलणं यांत फरक आहे. ज्या मुलाला आई, काका, आजी कुणीतरी आहे, त्याला घरी ठेवायला लागणारा खर्च संस्थेत ठेवण्याच्या खर्चाहून कमीच भरतो. त्यात शाळेची फी असते, एखादी शेळी, आजारपणाचं औषध, आणि अधूनमधून घरी जाऊन चौकशी करणारा एक स्थानिक समाजसेवक. हे काम करणाऱ्या संस्था नेपाळ आणि कंबोडिया दोन्हीकडे आहेत. कंबोडियात १९९४ पासून काम करणाऱ्या ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ने तर मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे, अशी मोहीमच २०११ साली काढली. आता सरकारंही याच दिशेने वळली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी आधुनिक गुलामगिरीत धरली आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात स्वयंसेवी पर्यटनातून अनाथालयांतल्या मुलांना होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला. मुलांना घरी ठेवणाऱ्या या कामात तुम्हाला मिठी मारायला कुणी येत नाही आणि फोटोही निघत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी.

मुलांचा विषय नाजूक आहे, पण भिंत बांधण्यात काय बिघडलं, असं पुढचं म्हणणं असतं. इथे नुकसान कुणाच्या मनाचं होत नाही, हिशेबाचं होतं. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केल्यावर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून माणसांच्या तुकड्या घरं बांधायला गेल्या. तिथेच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर हिशेब मांडला. प्रवासासकट धरलं तर पाहुण्यांनी बांधलेलं एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडलं होतं. तसंच घर स्थानिक संस्थेने गावातले गवंडी लावून २ हजार डॉलरच्या आसपास बांधलं. म्हणजे एकाच्या खर्चात पंधरा घरं आणि शिवाय गवंड्यांच्या हाताला मजुरी. घर मिळालेल्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात, ते पाहुण्यांनी बांधलं की गावकऱ्यांनी, याने काही फरक पडल्याचंही त्यांना दिसलं नाही. ज्या गावात बेकारी आहे तिथे फुकटचे मजूर विमानाने नेणं हा प्रकार कागदावर मांडला की विचित्र दिसतो, पण प्रत्यक्षात तो जगभर चालतो, कारण विकला जातो तो घामाचा अनुभव. आपल्या मजुरीचं मोल स्वतःच्या गावात किती आहे, हे एकदा विचारून पाहावं. विटा रचायला आपल्याला सोलापुरात कुणी रोजावर घेणार नसेल, तर कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये तरी का घ्यावं?

मग पैसेच पाठवायचे का, ते तर मधल्यामध्ये खाल्ले जातात, निदान स्वतः गेलं तर डोळ्यांनी दिसतं, हा आपल्याकडचा सर्वांत आवडता युक्तिवाद. मधल्यामध्ये पैसे खाल्ले जातात हे अगदी नाकारण्यासारखं नाही. पण दोन आठवड्यांच्या पाहुण्याला काय दिसतं, याचं उदाहरण नेपाळच्या बालगृहांनी दिलेलं आहे. वर्षानुवर्षं हजारो लोक तिथे गेले, डोळ्यांनी पाहून आले आणि त्यांतल्या बहुतेकांना खोटे अनाथ ओळखता आले नाहीत. भाषा येत नसेल तर आपले डोळे दाखवणाऱ्याच्या ताब्यात असतात. उलट पैशाचा माग काढण्याच्या पद्धती आता बऱ्याच पक्क्या झाल्या आहेत. केनियातल्या गरीब कुटुंबांना ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने मोबाइलवरून थेट पैसे दिले, तेव्हा काही कुटुंबांना पैसे आणि काहींना नाहीत, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी करून अभ्यास झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पैसे मिळालेल्या कुटुंबांचा खाण्यापिण्यावरचा खर्च आणि घरातली मालमत्ता वाढलेली दिसली, दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. गरिबाच्या हाती रोकड दिली की तो उधळतो, हे आपण बसल्या जागी ठरवून टाकलेलं असतं. एक व्यावहारिक बाब मात्र ध्यानात ठेवा. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याकडे प्राप्तिकरात सवलत मिळत नाही आणि देशाबाहेर पैसे पाठवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तेव्हा बँकेत आधी विचारून घ्या.

दवाखान्याच्या बाबतीत चूक जिवावर बेतते. वैद्यकीय शाखेत जाऊ इच्छिणारी मुलं-मुली आफ्रिकेतल्या दवाखान्यात ‘अनुभव’ घ्यायला जातात आणि मायदेशी ज्या कामाला कुणी जवळ उभं करणार नाही, ते काम तिथे करून येतात. टाके घालतात, इंजेक्शनं देतात, कधी बाळंतपणातही हात घालतात. युगांडातल्या जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. तिथे उपचारादरम्यान अनेक मुलं दगावली. २०१५ मध्ये ते केंद्र बंद करण्यात आलं, २०१९ मध्ये दोन आया न्यायालयात गेल्या आणि पुढच्या वर्षी, जबाबदारी मान्य न करता, भरपाईवर तडजोड झाली. हेतू वाईट होता असं तिच्या टीकाकारांतलेही बरेच जण म्हणत नाहीत. गंभीर कुपोषणात सलाईन आणि आहार यांची मात्रा चुकली तर मूल बरं होता होता जातं, हे ज्ञान हेतूतून येत नाही. यासाठी नियम सोपा ठेवावा. जे काम करायला मायदेशात तुम्हाला परवाना लागला असता, ते काम परदेशात बिनपरवाना करायचं नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. शिकाऊ असाल तर शिकाऊ म्हणून, वरिष्ठाच्या देखरेखीखाली, पाहायला जा.

भूकंप किंवा पूर आला की बॅग भरणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बोलावल्याशिवाय जाऊ नका. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास ९ हजार माणसं गेली. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, तीही मदतीच्या जड विमानांनी उखडू लागली, तेव्हा मोठी विमानं थांबवावी लागली. अशा वेळी विमानातली एक जागा, एक खोली, पाण्याची एक बाटली हीसुद्धा वाटून घ्यायची गोष्ट असते. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही दिवसांतच ३३ मुलांना सरहद्दीपलीकडे नेताना दहा अमेरिकन पकडले गेले. आपण अनाथांना वाचवतो आहोत अशी त्यांची समजूत होती, आणि मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. नेपाळने २०१५ च्या भूकंपानंतर मुलांना पालकांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले.

इथवर वाचून कुणालाच जायचं नाही का, असं वाटेल. तसं नाही. जिथे तुमचं बुकिंग होतं तिथे जाऊ नका, जिथे तुमची निवड होते तिथे जा. निवडीत तीन गोष्टी आपोआप येतात. काम आधी ठरलेलं असतं, त्या कामाला अमुक कौशल्य लागतं हे ठरलेलं असतं, आणि तुम्हाला नाही म्हणण्याची सोय असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, ते अशाच वाटेने. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले होते. काँग्रेसने पाच जणांचं पथक निवडलं आणि त्यात कोटणिसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस गेले ते शस्त्रक्रिया येत होती म्हणून, आणि तिथे गेल्यावर चिनी शिकले, इतकी की त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४२ मध्ये तिथेच वारले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. आपण त्यांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतो आणि भाषा शिकण्याचा, मागणी आल्यावरच जाण्याचा भाग गाळतो, हे मला नेहमी खटकतं. आजही ज्या संस्था गंभीरपणे माणसं पाठवतात त्यांची रीत फार वेगळी नाही. अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासून तरुणांना पाठवते, १९७६ पर्यंत ते भारतातही येत. नेमणूक २७ महिन्यांची आणि त्यातले पहिले तीन भाषा आणि कामाच्या प्रशिक्षणाचे. बॉनहून चालणारा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाही, उलट राहण्याजेवण्याचा भत्ता देतो. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ प्रवास आणि विमा तर पाहतेच, वेतनही देते, पण अनुभव मागते आणि पहिल्या नेमणुकीसाठी सहसा सहा महिने ते वर्षभर देण्याची तयारी लागते. तिथे फक्त डॉक्टर लागतात असंही नाही. पाण्याची व्यवस्था पाहणारा अभियंता, औषधांचा साठा सांभाळणारा फार्मासिस्ट, हिशेबनीस, गाड्या आणि जनरेटर चालते ठेवणारा माणूस यांची त्यांना तितकीच गरज असते.

दुसरा, जास्त विचार करायला लावणारा आक्षेप असा की, निवड होईपर्यंत माणूस तिशीला येतो. विशीतल्या मुलाने जग पाहिलंच नाही, तर त्याच्या मनात ही आस्था रुजणार कशी? दोन आठवड्यांचा दौरा गरिबांना काही देत नसेल, पण जाणाऱ्याला बदलतो, हे काय कमी आहे? याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे बदलतो असं धरून चालणंच घाईचं आहे. होंडुरासला जाऊन आलेल्यांची व्हर बीक यांनी पुढे चौकशी केली, तेव्हा परतल्यावर त्यांच्या देणगी देण्याच्या सवयीत टिकाऊ असा फारसा फरक त्यांना आढळला नाही, जरी जाऊन आलेले स्वतः बरंच बदललो असं सांगत होते. दुसरं उत्तर विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्येच देऊन ठेवलं आहे. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात, उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेत, ज्यांनी बोलावलं त्यांच्याच तोंडावर त्यांनी सांगितलं की, पाहायला या, शिकायला या, आमचे डोंगर चढा, पण मदत करायला येऊ नका. भाषण कडवट आहे आणि त्यातला सरसकटपणा मला मान्य नाही. कोटणीस त्यात बसत नाहीत, १९३४ च्या बिहार भूकंपानंतर येऊन पुढची काही वर्षं तिथल्या गावांच्या उभारणीत घालवणारे स्विस अभियंते पिअर सेरेसोलही बसत नाहीत. पण शिकायचं असेल तर विद्यार्थी म्हणून जा, फी भरा आणि शिकवणाऱ्याला गुरू माना, हा त्यातला भाग पटण्याजोगा आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात अनेक देशांतून लोक येतात ते शिकायला, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविका असतात, त्यांतल्या कित्येक जणी सुरुवातीला निरक्षर होत्या. पाहुण्याने गावात यावं कसं, याचा नमुना अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यासाठी परदेशी उदाहरण शोधायलाही नको.

आपण भारतीय, गोऱ्यांसारखे थोडेच, आपल्याला गरिबी घरची माहीत आहे, असंही म्हटलं जातं. नेपाळपुरतं हे अर्धं खरं आहे. लिपी एकच, हिंदी बऱ्याच जणांना कळते, डाळभात ओळखीचा. पण जवळीक असली की विचारायचं राहून जातं. २०१५ च्या भूकंपात भारताने मदत वेगाने पाठवली आणि तरीही काही दिवसांत भारतीय वाहिन्यांनी परत जावं अशी हाक नेपाळी लोकांनी ट्विटरवर दिली, ती ढिगाऱ्यापाशी माइक धरून भावना विचारण्याला वैतागून. थोरल्या भावाच्या थाटाची तिथे चीड आहे. शिवाय भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे कुणी अडवत नाही आणि परवानगीचा प्रश्नच आपल्या डोक्यात येत नाही. इतर देशांच्या लोकांना पर्यटक व्हिसावर तिथे स्वयंसेवा करता येत नाही. तेव्हा आपल्याला घेणारी संस्था तिथल्या समाज कल्याण परिषदेकडे नोंदलेली आहे का, बाहेरचे स्वयंसेवक घ्यायची तिला मुभा आहे का, हे आपणहून विचारायला हवं. कंबोडिया, केनिया, टांझानिया यांच्या बाबतीत तर एक कसोटी फार उपयोगी पडते. विमानतळावर विचारलं तर पर्यटक आहे असं सांगा, अशी सूचना संस्थेने दिली की तिथेच थांबा. सरकारशी जी खोटं बोलायला सांगते, ती तुमच्याशी खरं बोलेल याची खात्री काय?

संस्था तपासताना वेबसाइटवरच्या फोटोंकडे पाहू नका, ती तुम्हाला काय विचारते ते पाहा. मुलांजवळ जाण्याचं काम असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलंच पाहिजे. आपल्याकडे ते पासपोर्ट सेवेमार्फत मिळतं. दोन ओळखीच्यांची नावं, मुलाखत, बालसंरक्षणाच्या नियमांवर सही हेही हवं. यातलं काहीच न विचारता जागा पक्की झाली, तर तुमच्याआधी आणि तुमच्यानंतर तिथे कोण येऊन गेलं असेल, याची कल्पना करा. मग आपण विचारायचं. हे काम मी आलो नाही तर कोण करेल? ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं तर काम खरोखर गरजेचं आहे का, ही शंका घ्यावी, कारण गरजेचं काम कुणीतरी कसंबसं करतच असतं. ‘आमची शिक्षिका करते, तुम्ही तिला अमुक विषय शिकवायला मदत कराल’ असं उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांनाच नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. बाहेरच्याचं कौशल्य स्थानिक माणसाच्या हातात उतरलं तरच ते तो निघून गेल्यावर टिकतं. फीबद्दल संकोच न बाळगता फोड मागा. संस्थेला तुमच्या जेवणाराहण्याचा, दुभाष्याचा खर्च येतोच, तो घेणं रास्त आहे. पण भरलेल्या पैशातले किती त्या देशात पोहोचतात आणि किती मधल्या कंपनीच्या कार्यालयात राहतात, हे सांगायला जिला जड जातं, तिला पैसे देणं आपल्यालाही जड जावं.

हे सगळं करूनही जायचं ठरलं, तर तयारी वर्षभर आधी सुरू करा. आधी भाषा. नेपाळी मराठी माणसाला काही महिन्यांत बोलण्याइतकी येऊ शकते, पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी फ्रेंच लागते. आणि आपलं कौशल्य परक्या मुलखात तपासण्याआधी मेळघाटात किंवा गडचिरोलीत तपासून घ्या. तिथे उपयोगी पडलो नाही तर व्हिसा काढून उपयोग नाही. तरुणांसाठी बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ उपक्रम २००६ पासून नेमकी हीच वाट दाखवतो आहे. विमा घेताना त्यात आजारी माणसाला परत आणण्याचा खर्च धरला आहे का ते पाहा. युगांडा, केनियासारख्या देशांसाठी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवलं जाऊ शकतं. तिथे मुलांचे फोटो काढू नका, समाजमाध्यमांवर टाकू तर नकाच. ज्यांना वर्षभर देता येणार नाही, त्यांनी घरबसल्या काम शोधावं. संयुक्त राष्ट्रांचा ऑनलाइन स्वयंसेवक कार्यक्रम भाषांतर, हिशेब, आकडेवारी, संगणकप्रणाली अशा कामांसाठी माणसं मागतो आणि तिथेही निवड होते.

आणि ज्यांना फक्त दोन आठवडेच आहेत, त्यांनी ते सरळ प्रवासी म्हणून घालवावे. नाम पेन्हमध्ये रस्त्यावरच्या मुलांना स्वयंपाकाचं प्रशिक्षण देणाऱ्या उपाहारगृहात जेवा, पोखऱ्याला गावातल्या घरात पैसे देऊन राहा, परवानाधारक स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. तेवढ्या दिवसांत एखादी संस्था मनापासून आवडली तर तिथे हात लावायला जाऊ नका, कार्यालयात बसून तिच्या व्यवस्थापकाला विचारा, वर्षभरात कोणत्या एका पगाराची तुम्हाला सर्वाधिक अडचण पडते, आणि परत आल्यावर तो पगार दरमहा पाठवता येतो का ते पाहा.